अनामत

सांगलीतील एका लहान धर्मादाय संस्थेत मी हिशेब पाहतो. माणसांशी माझा संबंध बहुधा पावत्यांपुरताच येतो. 2022 च्या डिसेंबरमधील त्या सकाळी मात्र आमच्या समन्वयक ताई रजेवर होत्या आणि मिरज जंक्शनवर दोन रात्री काढलेला 19 वर्षांचा एक मुलगा माझ्या टेबलासमोर येऊन बसला. आपल्याला मुलगेच आवडतात, हे मोबाइलमधील संदेशांवरून घरी कळल्यावर वडिलांनी त्याला अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर काढले होते. आधार कार्ड आणि बारावी कॉमर्सची गुणपत्रिका कपाटातच राहिली होती, आणि त्याला अधिक काळजी होती ती त्यांचीच.

ताईंना फोन लावून मी एकेक पर्याय तपासत गेलो. वय 18 च्या आत असते, तर बालकल्याण समितीकडे जाता आले असते. केंद्र सरकारच्या योजनेतील ‘गरिमा गृह’ मुंबईत होते, पण ते तृतीयपंथी व्यक्तींसाठी. हे ऐकून त्याने हळूच विचारले, “मग मी तसंच सांगू का?” राहायला जागा मिळावी म्हणून आपण कोण आहोत हेच बदलून सांगायला निघालेल्या त्या मुलाला मी नाही म्हणालो, पण पुढे काय बोलावे ते मला सुचले नाही. समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी दिला होता. त्याची मला त्या क्षणी उगाचच आठवण झाली.

दुपारी ताईंच्या ओळखीने विश्रामबागेत एक खोली मिळाली. अनामत 10 हजार. आमच्या गोदामात ब्लँकेटांची थप्पी होती, बँकेत पैसेही होते, परंतु ते ‘ब्लँकेट व अन्नदान’ या कामासाठीच म्हणून आलेले. (ब्लँकेट वाटताना फोटो निघतो, अनामत भरताना निघत नाही, म्हणून देणगीदारांना दोष देण्याचे धाडस मी करणार नाही.) तो निधी दुसरीकडे वळवायचा, तर देणाऱ्याची लेखी संमती हवी. देणगीदार हळदीचे व्यापारी. मुलाचे नाव न सांगता मी त्यांना सगळे खरे सांगितले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “निर्व्यसनी आहे ना?” मी होय म्हणालो. दहा मिनिटांत व्हॉट्सॲपवर संमती आली आणि खाली एक ओळ होती: ‘माझे नाव कुठे छापू नये.’

संध्याकाळी घाईघाईने व्हाउचर लिहिताना मी ती रक्कम खर्चात टाकली. समोरून उलट्या बाजूने वाचत असलेला तो मुलगा, दिवसभरात पहिल्यांदाच ठाम आवाजात म्हणाला, “सर, हा खर्च नाही. अनामत परत मिळते, ती ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला जाते.”

मी ते व्हाउचर रद्द केले आणि कोरे पुस्तक त्याच्याकडे सरकवले.