टू पॉइंट एटचा हिशोब

माझ्याकडे कॅनन ८०डी कॅमेरा, सोबत १८-५५ आणि ५५-२५० एसटीएम या लेन्स (आकडे मिलिमीटरमधल्या फोकल लेंग्थचे; आकडा मोठा तितकं दूरचं जवळ येतं). काम दोन प्रकारचं: सोलापुरातल्या मंगल कार्यालयांतली लग्नं, आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतली नंदीध्वजांची, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांची मिरवणूक. दोन्हीकडे ५५-२५०ची तीच अडचण, साधारण १५०च्या पुढे झूम केलं की ती एफ ५.६वर येते (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडी आणि उजेड जास्त). त्या जागी ७०-२०० एफ २.८ लावली तर दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट), म्हणजे चौपट उजेड. हे गणित सगळ्यांनाच पाठ असतं. पण चौपट उजेड मिळाल्यावर आपला फोटो सुधारेल का, याचं उत्तर त्यात नाही. ते शोधायला मला जवळजवळ दोन महिने लागले.

सुरुवात जुन्या फोटोंपासून केली. चांगले फोटो उपयोगाचे नाहीत, नापास झालेले पाहायचे. बहुतेक जण ते लगेच उडवतात, म्हणून एका पूर्ण लग्नाचं आणि एका मिरवणुकीचं सगळं कार्ड जसंच्या तसं ठेवलं. लाइटरूम या सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत मेटाडेटा फिल्टर उघडला की लेन्स, फोकल लेंग्थ, शटर (ते किती वेळ उघडं होतं) आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; ती वाढवली की दाणे येतात) असे रकाने लावता येतात. नापास फोटो शंभर टक्के मोठे करून चार ढिगांत वाटले. पूर्ण फ्रेम, मागचा खांबसुद्धा, एकाच दिशेनं ओढल्यासारखी दिसली तर आपला हात हलला. खांब धारदार, पण हार घालणारा हात पुसट, तर माणूस हलला. नाकाचा शेंडा किंवा मुंडावळ्या स्पष्ट आणि डोळे मऊ, तर फोकस चुकला. आणि सगळं जागेवर, फक्त दाणे, तर आयएसओचा प्रश्न.

घोडं नेमकं कुठं पेंड खातंय ते या ढिगांतून कळतं. हलणारा हात सावरणं हे स्टॅबिलायझरचं काम, आणि ते ५५-२५०मध्येही आहे, त्यासाठी २.८ घेणं म्हणजे पैसे पाण्यात. माणूस हलला तर शटर वाढवावं लागतं आणि तिथं उजेड खरा कामाला येतो. फोकसला २.८चा अर्धा फायदा, अर्धा तोटा. त्याचं पुढे येईलच. दाण्यांचं दुखणं आता बरंच हलकं झालंय. २०२३च्या एप्रिलपासून लाइटरूममध्ये आलेला, दाणे पुसणारा एआय डीनॉइज रॉ (कॅमेऱ्यातल्या कच्च्या) फाइलवर चालवला की आयएसओ ६४००चा फोटो अल्बममध्ये निर्धास्त छापता येतो. पुसट झालेला हात मात्र कुठलंच सॉफ्टवेअर परत आणत नाही. म्हणून दाण्यांचा ढीग मी हिशोबातून काढूनच टाकला. माझ्याकडे लग्नाच्या कार्डात हाच ढीग सगळ्यांत मोठा निघाला, मिरवणुकीच्या कार्डात मात्र माणूस हलल्याचा. इथंच दोन कामांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

कुठल्या क्षणाला किती शटर लागतं तेही त्याच रकान्यांतून निघालं. मंगलाष्टकं चालू असताना उभे असलेले नवरा-नवरी १/१०० सेकंदावर नीट येतात. अक्षता पडताना १/२५०. वरमालेला मुलाला मित्रांनी उचललं की १/५००शिवाय हमी नाही. नंदीध्वज पेलत चालणारा मानकरी दिसायला संथ, पण काठीचा तोल सांभाळताना त्याची मान आणि खांदे सतत हलत असतात, तिथं १/२००च्या खाली गेलो की हाती काही लागत नाही.

मग उजेड मोजला. त्यासाठी महागडी लेन्स लागत नाही. ५० एफ १.८ कुणाकडेही मिळते. ती एफ २.८वर ठेवून स्टेजवर एक फ्रेम घेतली की जो शटर आणि आयएसओ येतो, साधारण तोच ७०-२०० एफ २.८ देणार. फोकल लेंग्थ बदलली तरी एक्स्पोजर बदलत नाही; मोठ्या झूममध्ये तेवीस काचा असल्यानं थोडा उजेड आत मुरतो एवढंच. एका बऱ्यापैकी उजळ कार्यालयात एफ ५.६ला १/२००, आयएसओ ६४०० आलं, २.८ला त्याच शटरवर १६००. म्हणजे लग्नात ५.६ही कसंबसं भागतं. रात्रीच्या रस्त्यावर विजेच्या माळा आणि दुकानांचा उजेड धरून २.८ला १/२०० आणि आयएसओ ५००० आलं. तेच ५.६ला करायचं तर २०,००० लागतात, आणि ८०डीची नेहमीची हद्द १६,०००. इथं गाडी थांबते. मानकऱ्यांची पांढरी बाराबंदी कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला फसवते ते वेगळंच. फ्रेममध्ये पांढरं जास्त असेल तर मी दोन तृतीयांश स्टॉप वर ठेवतो, नाहीतर चेहरे काळवंडतात.

कार्यालयातली दुसरी अडचण उजेडाच्या प्रमाणाची नाहीच. स्टेजवरचे स्वस्त एलईडी आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. १/१००वर एक पूर्ण झोका पकडला जातो आणि फ्रेम सारखी येते. १/४०० केलं की एका फोटोत पिवळट, दुसऱ्यात अर्धी फ्रेम काळपट. ८०डीतलं अँटी-फ्लिकर चालू ठेवलं तर कॅमेरा झोक्याच्या माथ्यावर शटर उघडतो आणि ट्यूबलाइट, हॅलोजनखाली बरंच निभावतं. मागच्या एलईडी पडद्यापुढे आणि काही व्हिडिओ लाइटपुढे त्याचा इलाज चालत नाही. म्हणजे २.८ घेऊन कमावलेलं जास्तीचं शटर नेमकं त्याच ठिकाणी वापरता येत नाही. फ्लॅश छताला मारायची सोय असेल तर तिथं फ्लॅशच बरा.

आता खोली, म्हणजे पुढून मागे किती पट्टा धारदार राहतो ते. ८०डीवर पाच मीटरवरून २०० मिमीला एफ २.८ वर साधारण साडेसहा सेंटीमीटर पट्टा धारदार राहतो, ५.६ला तेरा. चेहरा आणि खांदे एवढीच फ्रेम असते. एक डोळा पकडला तर दुसरा कान गेला. १०० मिमीला २.८ वर हाच पट्टा सव्वीस सेंटीमीटर होतो. समोरून घेतलेल्या जोडीत नवरा अर्धा पाऊल मागे उभा असेल, आणि तो असतोच, तर तेही पुरत नाही. एफ ४ किंवा ५.६ करावंच लागतं. मग वजन उचलून काय मिळवलं? सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू लग्नांत मात्र चित्र बदलतं. जिलकर-बेल्लमच्या वेळी दोघं समोरासमोर बसून एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गूळ ठेवतात. बाजूनं काटकोनात बसलो तर दोन्ही चेहरे कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर येतात आणि २.८ बिनधास्त चालते. जागा मात्र आधी धरून ठेवावी लागते, नंतर नातेवाइकांचे मोबाइल आडवे येतात.

फोकसच्या बाबतीत २.८चा एक फायदा जाहिरातीत फारसा दिसत नाही. फोकस घेताना लेन्स नेहमी पूर्ण उघडी असते, तुम्ही फोटो एफ ८ला काढणार असलात तरी. त्यामुळे सेन्सरला उजेड जास्त मिळतो, आणि ८०डीचा मधला पॉइंट एफ २.८ किंवा त्याहून वेगवान लेन्सला जास्त अचूक चालतो. अंधारात ५५-२५० पुढे-मागे हुडकत बसते ते बरंच कमी होतं. उलट बाजू अशी की खोली कमी असल्यानं लेन्स आणि बॉडीच्या जुळणीतली छोटी चूकही उघडी पडते. त्यासाठी मेनूत एएफ मायक्रोअॅडजस्टमेंट आहे, उणे वीस ते अधिक वीस, झूमच्या दोन्ही टोकांना वेगळं. पन्नास-साठ फोटोंत दर वेळी फोकस एकाच बाजूला सरकलेला दिसला तरच हात लावावा.

धूळ हाही मुद्दा यात्रेच्या होम मैदानावर उभं राहिल्यावर कळतो. ५५-२५० झूम करताना नळी बाहेर येते आणि आत जाताना हवेबरोबर धूळ ओढते. कॅननच्या ईएफ ७०-२०० लेन्सांची लांबी झूम करताना बदलत नाही, आयएसवाल्या (स्टॅबिलायझर असलेल्या) २.८ आणि एफ ४ला सीलही आहे, पुढे फिल्टर लावला की ते पुरं होतं. ५८ मिमीचे जुने फिल्टर मात्र बसणार नाहीत, २.८ला ७७ लागतात आणि आयएसवाल्या एफ ४च्या पहिल्या आवृत्तीला ६७. हा खर्च लोक विसरतात.

वजनाबद्दल थोडक्यात: ५५-२५० ३७५ ग्रॅम, ७०-२०० एफ ४ आयएस ७६०, आणि २.८ची दुसरी आवृत्ती १,४९० ग्रॅम. बॉडी धरून सव्वादोन किलो. चार तास गळ्यात अडकवणं शक्य नाही. मोनोपॉड हवा, आणि तो लेन्सच्या कॉलरला (लेन्सभोवतीच्या कड्याला) लावायचा, बॉडीला नव्हे. २.८बरोबर कॉलर येते, एफ ४ला वेगळी विकत घ्यावी लागते.

पर्याय म्हणून एफ ४ झूम तपासली आणि सोडली. दीडशेच्या पुढे एकच स्टॉप मिळतो, आणि १००च्या आसपास तर ५५-२५० एफ ४.५-५ असल्यानं तोही पुरता नाही. काच चांगली, पण माझं दुखणं काचेचं नव्हतं. लग्नाच्या कार्डातले स्टेजवरचे बहुतेक फोटो ७० ते १०० मिमीच्या मध्ये निघाले होते. तिथं ८५ एफ १.८ बसते. ४२५ ग्रॅम, फिल्टर तोच ५८, आणि एफ २ला ठेवली तर ५.६च्या आठपट उजेड. स्टॅबिलायझर नाही, पण शटर तसंही १/२०० ठेवायचं असल्यानं अडत नाही. एक खोड आहे: पूर्ण उघडी असताना जरीच्या काठावर आणि पांढऱ्या फेट्यावर जांभळी किनार येते, एफ २.५ केलं की बरीच जाते. ही लेन्स घेतली.

मिरवणुकीत ८५सारखी प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स चालत नाही. गर्दीत एकदा जागा धरली की पुढे-मागे सरकता येत नाही, आणि नंदीध्वज लांबून जवळ येत राहतो. तिथं ७०-२०० एफ २.८च हवी. पण वर्षातून किती दिवस? अक्षता सोहळा दिवसाढवळ्या होतो, त्याला ५५-२५० पुरते. शोभेच्या दारूकामाला ट्रायपॉड, एफ ८ ते ११, आयएसओ १०० आणि दोन-तीन सेकंद शटर. वेगवान लेन्सचा तिथं काडीचा उपयोग नाही. नान्नजच्या माळावर धाविक किंवा भोवत्या पक्षी टिपायचा तर उजेड भरपूर असतो, कमी पडते ती पोच. २.८ला दुपटीचा एक्स्टेंडर (फोकल लेंग्थ वाढवणारा जोड) लावून ४०० एफ ५.६ होते खरं, पण उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर जमिनीवरची हवा थरथरायला लागली की कितीही भारी काच असो, पक्षी पाण्याखाली असल्यासारखा दिसतो. म्हणजे उरले रात्रीच्या मिरवणुकीचे दोन दिवस आणि एखाद-दुसरं अंधाऱ्या हॉलमधलं लग्न.

हिशोब असा मांडला. समजा जुनी लेन्स ७०,०००ला घेतली आणि तीन वर्षांनी ४५,०००ला गेली, तर वर्षाला साधारण ८,३०० पडले. भाडं दिवसाला १,२०० धरलं तर सात दिवसांपेक्षा कमी वापर असणाऱ्यानं विकत घेऊ नये. हे आकडे उदाहरणापुरते; आपल्या गावचे भाव घालून पाहावेत. पुण्याहून भाड्यानं आणायची तर जाण्या-येण्याचा खर्च आणि वाया जाणारा दिवसही त्यात धरावा.

वापर सातच्या पुढे जात असेल आणि जुनी घ्यायची असेल, तर टॉर्च मागच्या बाजूनं मारून पुढून तिरकं पाहावं. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी. सोलापूरच्या कोरड्या हवेत ती कमी, पण कोकण-मुंबईकडून आलेल्या लेन्सला आवर्जून तपासावी. बारीक धुळीचे चार कण फोटोत दिसत नाहीत, त्यावरून भाव पाडता येतो एवढंच. एफ १६ ठेवून डेप्थ-प्रीव्ह्यूचं बटण दाबलं की पाती चटकन मिटली पाहिजेत, तेलकट दिसता कामा नयेत. विटांच्या भिंतीसमोर ट्रायपॉडवर, भिंतीला अगदी समांतर, २.८ला एक फ्रेम घ्यावी. तीन कोपरे ठीक आणि एकच मऊ आला तर काच सरकलेली आहे, तिथून उठावं. पुढं मिररलेसला (आरसा नसलेल्या कॅमेऱ्याला) जायचं असेल तरी ईएफ लेन्स अडॅप्टरवर चालते आणि उजेड कमी होत नाही. मिररलेससाठीची आरएफ लेन्स मात्र ८०डीला बसतच नाही.

भाड्याची लेन्स ताब्यात घेतानाही हीच तपासणी, वर सीरियल नंबर, हूड, दोन्ही झाकणं आणि कॉलरचा स्क्रू यांचा मोबाइलवर व्हिडिओ, समोरच्याच्या देखत. यात्रेसाठी बुकिंग डिसेंबरातच टाकतो. धनुर्मासात लग्नं कमी असल्यानं तेव्हा लेन्स सहज मिळते. संक्रांत झाली की पुन्हा मागणी वाढते, म्हणून परतीची तारीख एक दिवस पुढची लिहून घेतो.