एका मताने वाचलेली गल्ली: नॉर्विचची एल्म हिल

इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉर्विच शहरात कॅथीड्रलच्या पश्चिम दरवाजातून बाहेर पडून टूमलँड नावाचा मोकळा चौक ओलांडला, की काही पावलांवर एल्म हिल ही गल्ली लागते. गोल गोट्यांची फरसबंदी, मधेच घेतलेले वळण आणि दोन्ही बाजूंना पुढे झुकलेल्या वरच्या मजल्यांची रंगीत घरे असे तिचे रूप आहे. येथे येणारे बहुतेक पाहुणे कॅथीड्रलचा सुमारे ३१५ फूट उंच मनोरा पाहून परत फिरतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. कॅथीड्रल बिशपांनी बांधले आणि त्याचा दगड समुद्रापलीकडून, नॉर्मंडीतल्या कॉनहून, जहाजाने आणवला; एल्म हिल मात्र व्यापाऱ्यांनी आणि विणकरांनी घडवली, तीही या भागात मिळणारे लाकूड, विटा आणि गारगोटी वापरून. नॉर्विचची माणसे कशी जगली हे समजून घ्यायचे असेल, तर या गल्लीतच यावे लागते.

गल्लीतील बरीच घरे सोळाव्या शतकातील आहेत, आणि त्याचे कारण आग आहे. १५०७ साली नॉर्विचला दोन वेळा भीषण आग लागली आणि तीत सातशेहून अधिक घरे जळाली. लाकडी सांगाडे, गवताची छपरे आणि अरुंद गल्ल्या असल्यावर एका घरातील ठिणगी संपूर्ण वस्ती गिळणार, हे ओघानेच आले. एल्म हिलवर त्या आगीतून एकच घर वाचले, आणि ते आजही गल्लीच्या वरच्या टोकाला, सेंट पीटर हंगेट चर्चच्या आवाराला लागून उभे आहे. आज त्याला ब्रिटन्स आर्म्स म्हणतात. पंधराव्या शतकात तेथे काही धर्मनिष्ठ स्त्रिया एकत्र राहून प्रार्थना आणि सेवाकार्य करीत असाव्यात, असे अभ्यासक मानतात. युरोपच्या मुख्य भूमीवर, विशेषतः आजच्या बेल्जियम आणि हॉलंडमध्ये, अशा स्त्रियांच्या वसाहती पुष्कळ होत्या; इंग्लंडमध्ये मात्र त्यांच्या खुणा फारच विरळ आहेत. उंच, चिंचोळ्या अशा या घराच्या माथ्यावर अजूनही गवताचे जाड छप्पर आहे. आगीनंतर नगरसभेने १५०९ साली नव्या घरांना कौलेच घालावीत असा नियम केला, त्यामुळे जुन्या नॉर्विचमध्ये गवताचे छप्पर असलेली घरे आता हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच उरली आहेत. ज्या छपरामुळे शेजारची सगळी घरे भस्मसात झाली, तेच छप्पर डोक्यावर घेऊन हे एकच घर शिल्लक राहिले, ही गोष्ट मला दर वेळी नव्याने थक्क करते.

आगीनंतर श्रीमंत व्यापाऱ्यांनी नवी घरे उभारली. पुण्याच्या जुन्या वाड्यांप्रमाणेच येथेही भार पेलतो तो लाकडी सांगाडा, आणि दोन खांबांमधील भिंत केवळ भराव असते. फरक इतकाच, की येथे वरचा मजला खालच्या मजल्यापेक्षा पुढे काढलेला असतो आणि त्याच्या तुळयांची टोके रस्त्यावरून स्पष्ट दिसतात. ऑगस्टीन स्टुअर्ड या कापडव्यापाऱ्याने बांधलेले घर जरूर जवळ जाऊन पाहावे. हा गृहस्थ १५३४, १५४६ आणि १५५६ असा तीन वेळा नॉर्विचचा महापौर झाला. जेथे त्याने हे घर उभारले, तेथे आगीपूर्वी पास्टन घराण्याचे घर होते. या घराण्याचा पंधराव्या शतकातील पत्रव्यवहार आजही इतिहासकारांच्या अभ्यासाचा विषय आहे. घराच्या लाकडावर स्टुअर्डचे व्यापारी चिन्ह कोरलेले आहे. मालाच्या गठ्ठ्यावर जी खूण असे, तीच खूण घरावर, हा मालकाचा अभिमान त्या कोरीव रेषांत अजून वाचता येतो. गल्लीच्या एका बाजूच्या घरांची मागची अंगणे थेट वेन्सम नदीपर्यंत जात असत, त्यामुळे पुढे दुकान आणि मागे स्वतःचा धक्का अशी सोय होऊन माल थेट होडीत चढवता येई.

हा माल म्हणजे मुख्यतः लोकरी कापड. १५६५ साली, धंदा मंदावला असताना, नगरपालिकेने नेदरलँड्समधून तीस विणकर कुटुंबांना राणीच्या परवानगीने बोलावून घेतले. पुढे धार्मिक छळाला कंटाळून आणखी हजारो लोक आले, आणि काही वर्षांतच हे ‘स्ट्रेंजर्स’ शहराच्या लोकसंख्येच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतके झाले. परक्या देशात राहणाऱ्या माझ्यासारखीला हा इतिहास विशेष जवळचा वाटतो, कारण येथे परके लोक हातातील कौशल्यासाठी मुद्दाम बोलावले गेले आणि त्यांनी शहराला खरोखर सावरले. जुन्या नॉर्विचमध्ये फिरताना मान वर करून माळ्यावरच्या लांबच लांब खिडक्या शोधाव्यात. मागावर दिवसभर पुरेसा उजेड पडावा म्हणून त्या तशा ठेवलेल्या असत. अठराव्या शतकाच्या अखेरीस येथील विणकर काश्मिरी शालींच्या धर्तीवर शाली विणू लागले, आणि आपली ओळखीची कोयरी नॉर्विचच्या मागांवर उमटू लागली.

पुढे यंत्रमाग आणि कोळसा जवळ असलेल्या यॉर्कशायरने हा धंदा ओढून नेला. व्यापारी गेले, मोठ्या घरांच्या खोल्या पाडून त्या गरीब कुटुंबांना भाड्याने दिल्या गेल्या, मागच्या अंगणांतही दाटीवाटीने बिऱ्हाडे आली. १९२०च्या दशकापर्यंत एल्म हिल ही मोडकळीस आलेली, रोगट वस्ती झाली होती, आणि नगरपालिकेपुढे ती पाडून टाकण्याची योजना आली. त्या योजनेला दुष्टपणा म्हणता येणार नाही. ओल धरलेल्या त्या खोल्यांत राहणाऱ्यांना चांगली घरे मिळायलाच हवी होती. परंतु घरांचे दुखणे दुरुस्तीने बरे होण्यासारखे आहे, हे १९२३ साली स्थापन झालेल्या नॉर्विच सोसायटीने पाहणी करून दाखवून दिले, आणि मतदानात केवळ एका मताने ही गल्ली वाचली. सभागृहातील एक हात दुसऱ्या बाजूने वर गेला असता, तर आज सांगण्यासारखे काहीच उरले नसते. दुरुस्तीचे काम लगेच हाती घेण्यात आले. एप्रिल १९४२ मधील जर्मन बाँबहल्ल्यांत शहराचे अतोनात नुकसान झाले, पण एल्म हिल तगली.

येथील अनेक इमारती आजही नगरपालिकेच्याच मालकीच्या आहेत आणि त्यांत छोटी दुकाने, कलादालने व उपाहारगृहे चालतात. इमारत वापरात राहिली की गळके कौल वेळेवर दिसते आणि बदलले जाते, म्हणून मला ही पद्धत नुसत्या कुलूपबंद जतनापेक्षा अधिक शहाणपणाची वाटते. चौकातला, गल्लीला नाव देणारा एल्म वृक्ष मात्र रोगाने गेला आणि त्याच्या जागी आता प्लेन जातीचे झाड आहे.

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकावरून नॉर्विचला रेल्वेने सुमारे दोन तासांत पोहोचता येते. एल्म हिलवर आलात तर केवळ मुख्य रस्त्याने जाऊ नका. राइट्स कोर्टसारख्या अंगणांत नेणाऱ्या बोळांतही शिरा, कारण घरांची मागची बाजू, म्हणजे जेथे कामगार राहिले आणि राबले ती बाजू, तेथूनच दिसते.