तुम्ही विचारलंत म्हणून : हातोडीच्या मुठीला रबर बसवलं की झालं ना?

हाताच्या हत्यारांचे आराखडे करणे हे गेली सतरा वर्षे माझे काम आहे आणि त्यातली बरीच वर्षे हातोडीवर गेली आहेत. हे कळले की बहुतेक लोक मला एकच प्रश्न विचारतात. लग्नकार्यात भेटलेले नातेवाईक विचारतात, अभियांत्रिकीचे विद्यार्थी विचारतात, आणि हार्डवेअरच्या दुकानाचे मालक तर गल्ल्यामागची हातोडी पुढे करून विचारतात, “हात झिणझिणू नये एवढंच हवं ना? मग मुठीला चांगलं जाड रबर बसवलं की झालं. त्यात एवढं डिझाइन काय करायचं?” प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर दोन वाक्यांत आटोपत नाही, म्हणून ते सविस्तर लिहिते आहे.

रबर वाईट आहे असे मी म्हणत नाही. मुठीवर त्याला जागा आहे, पण ती सगळ्यात शेवटची आहे. दांड्याचे वजन, त्याची लांबी, तो डोक्यात कसा बसवला आहे आणि हात त्याला नेमका कुठे धरतो, या गोष्टी आधी जुळल्या नसतील, तर रबर फक्त त्रास झाकते. आणि झाकलेला त्रास माणूस जास्त वेळ सोसत राहतो.

घाव बसतो तेव्हा काय घडते ते आधी पाहू. अर्धा किलोचे डोके सेकंदाला 6 मीटर वेगाने खिळ्यावर आले आणि अर्ध्या मिलिसेकंदात थांबले, तर त्या क्षणापुरते सरासरी 6000 न्यूटन, म्हणजे जवळजवळ 600 किलो वजनाइतके बल निर्माण होते. त्यातले बहुतेक खिळ्यात जाते आणि ते तिथेच जायला हवे. उरलेले दांड्यातून हाताकडे येते, पण ते दोन वेगवेगळ्या रूपांत येते आणि या दोहोंत लोक नेहमी गल्लत करतात. पहिला असतो हिसका : संपूर्ण हातोडी एका ताठ वस्तूसारखी हातात एकदम सरकू पाहते, मनगटाला आणि कोपराला धक्का बसतो. दुसरी असते कंपने : दांडा वाकून सरळ होतो, पुन्हा उलटा वाकतो, आणि सेकंदाला काही शे वेळा असे होत राहते. बोटांना मुंग्या येतात त्या या दुसऱ्या प्रकाराने. हिसक्याचे औषध वेगळे आणि कंपनांचे वेगळे.

हिसका समजून घ्यायला क्रिकेटची बॅट आठवावी. चेंडू बॅटच्या नेमक्या जागी बसला तर हाताला काही जाणवत नाही आणि टोकावर लागला तर दोन्ही पंजे झणझणतात. पकडीच्या प्रत्येक जागेशी जोडलेला असा एक बिंदू वस्तूवर असतो की तिथे घाव बसला तर पकडीला हिसका बसत नाही. त्याला आघातकेंद्र म्हणतात. हातोडीत घावाची जागा ठरलेली असते, ती म्हणजे डोके. त्यामुळे आघातकेंद्र डोक्याजवळ आणून ठेवणे हे आराखडा करणाऱ्याचे काम ठरते. एक हिशोब मी विद्यार्थ्यांना नेहमी करायला लावते. डोके 500 ग्रॅम, दांडा 33 सेंटीमीटर, पकडीचा मध्य डोक्यापासून 28 सेंटीमीटरवर. लाकडी दांडा 120 ग्रॅमचा असेल, तर आघातकेंद्र डोक्याच्या मध्यापासून फक्त 6 ते 8 मिलिमीटर अलीकडे पडते आणि घावाच्या एकूण आवेगाचा 2 ते 3 टक्के भाग हिसका म्हणून हाताला मिळतो. बाकी सगळे तसेच ठेवून दांडा 300 ग्रॅमचा पोलादी केला, तर ते अंतर 16 मिलिमीटरच्या आसपास जाते आणि हिसका 6 टक्क्यांवर पोहोचतो, म्हणजे दुपटीहून जास्त होतो. दिवसाला हजारो घाव घालणाऱ्या माणसाच्या कोपराला हा फरक संध्याकाळी बरोबर कळतो. दांडा जड असला की हातोडी ‘मजबूत’ वाटते, दुकानात हातात घेतल्यावर गिऱ्हाईक खूश होते, पण ते वजन चुकीच्या ठिकाणी पडलेले असते.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट निघते. हातोडी डोक्याजवळ, दांड्याच्या मधोमध धरली, तर हिसका उलट दिशेने बसतो आणि चांगलाच वाढतो. नवशिक्याला नेम धरायला सोपे जाते म्हणून तो दांडा वर धरतो आणि त्याचेच मनगट आधी दुखू लागते. जुने सुतार पोरांना “खाली धर, खाली” म्हणून ओरडतात, ते घाव जोरात बसावा म्हणून ओरडत असतील, पण त्यांचे म्हणणे दोन्ही अंगांनी खरे आहे.

आता कंपनांकडे वळू. कंप पावणाऱ्या दांड्यावर सगळीकडे सारखी हालचाल नसते. काही जागा जवळजवळ स्थिर राहतात, त्यांना निस्पंद बिंदू म्हणतात. एका टोकाला जड डोके आणि दुसरे टोक मोकळे असा सरळ दांडा असेल, तर मुख्य कंपनाचा निस्पंद बिंदू डोक्यापासून दांड्याच्या लांबीच्या साधारण 74 टक्क्यांवर पडतो. आपल्या 33 सेंटीमीटरच्या दांड्यावर तो 24 सेंटीमीटरच्या आसपास येतो. आणि ज्या पकडीला हिसका अजिबात बसत नाही ती जागा याच लाकडी दांड्यावर 23 सेंटीमीटरजवळ निघते. दोन निराळी गणिते एकमेकांपासून बोटभर अंतरावर येऊन थांबतात, हे मला आजही विलक्षण वाटते. मुठीचा आकार असा द्यायचा की तर्जनी आणि मधले बोट आपोआप त्या जागेवर बसावे आणि बाकीचा पंजा त्याच्या मागे यावा. तुमच्या घरच्या हातोडीवर ही जागा शोधता येते : दोन बोटांच्या चिमटीत दांडा हलकेच लटकता धरा, डोक्यावर दुसऱ्या एखाद्या हत्याराने टिचकी मारा, आणि चिमूट थोडी थोडी सरकवत पाहा. एका जागी बोटांतली थरथर नाहीशी होते आणि टणत्कार मात्र जास्त वेळ घुमत राहतो, कारण तिथे तुमची बोटे कंपनाला अडवत नसतात.

हे सगळे कागदावर शिकून झाल्यावर मी पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत गेले होते. पेशवाईपासून नांदती ही तांबटांची आळी. तांब्याच्या भांड्यावर घावाशेजारी घाव घालून जे चकचकीत ठसे उठवतात, त्या मठारकामासाठी ती ओळखली जाते. एका वयस्क कारागिरांच्या शेजारी मी सबंध सकाळ बसले. त्यांच्या दांड्याचा डोक्याखालचा गळा त्यांनी फुटक्या काचेने खरवडून चांगलाच बारीक केला होता. मी विचारले तेव्हा म्हणाले, “जाड ठेवला की हात भरून येतो, ताई.” गळा बारीक केला की दांडा तिथे लवतो, कंपनांची गती उतरते आणि डोक्याकडून येणारा धक्का थोडा पसरून, उशिराने पोहोचतो. शिवाय घाव बसण्याच्या क्षणी त्यांची शेवटची दोन बोटे दांड्यावर नुसती टेकलेली असत. हातोडी वर उचलताना ती पुन्हा आवळली जात. दांडा जितका घट्ट धराल तितकी कंपने हातात जास्त शिरतात, हे प्रयोगशाळेत मोजता येते. त्यांनी ते पन्नास वर्षांत हाताने मोजले होते. एकदाच त्यांचा घाव भांडे चुकून खालच्या लोखंडावर पडला. तांब्यावरचा आवाज बोदा असतो, हा ‘टण्ण’ झाला, आणि त्यांनी हात झटकला. तांबे दबते, घाव गिळते. पोलादावर पोलाद आपटले की गिळायला कोणीच नसते.

लाकडाचा मला जो अभिमान वाटतो त्याचे कारण हेच आहे. घाव गिळण्याचा गुण पोलादात जवळजवळ नाही. लाकडात तो पोलादाच्या कित्येक पट असतो. आपल्याकडे कुऱ्हाडी-हातोड्यांच्या दांड्यांना धावडा, तिवस, बाभूळ ही लाकडे वापरत आले, ती उगाच नव्हे : ती चिवट आहेत, लवतात, तुटताना तडकून फेकली जात नाहीत. दांड्यातल्या लाकडाच्या तंतूंची रेषा मात्र घावाच्या दिशेने उभी आणि अखंड हवी. आणि डोक्याच्या भोकात पाचर मारून बसवलेला लाकडाचा भाग धक्क्यातला काही अंश तिथेच जिरवतो. हा सांधा ढिला झाला की सगळा हिशोब बिघडतो. उन्हाळ्यात लाकूड आकसते, डोके हलू लागते, आणि आपण हातोडी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतो. सकाळी ती घट्ट होते हे खरे, पण फुगलेल्या लाकडाचे तंतू लोखंडाच्या भोकात दबून चिरडतात आणि वाळल्यावर ती पहिल्यापेक्षा ढिली होते. त्याऐवजी पाचर पुन्हा ठोकावी आणि टोकाला जवसाचे तेल मुरवावे.

डोके आणि दांडा एकाच पोलादाचा घडवलेल्या हातोडीत सांधाच नसतो, त्यामुळे ती ढिली होत नाही, पण घुमते मात्र घंटेसारखी. त्यावर अमेरिकेतल्या स्टॅन्ली कंपनीने दांड्याच्या खालच्या टोकाला नादकाट्यासारखी दुभंगलेली रचना दिली, कल्पना अशी की दांड्याची थरथर त्या काट्याने स्वतःवर घ्यावी. कल्पना सुरेख आहे. मर्यादा अशी की असा काटा ज्या कंपनसंख्येला जुळवलेला असतो, तिथेच तो नीट काम करतो. डोक्यात शिशाचे किंवा पोलादाचे छरे भरलेली हातोडी निराळी : डोके थांबले की क्षणभराने छरे पुढे येऊन आदळतात आणि उलटी उसळी मारू देत नाहीत. यंत्रांची जुळणी करताना तिच्यासारखे हत्यार नाही. खिळा ठोकायला मात्र ती बोथट पडते.

आता रबराविषयी, कारण मूळ प्रश्न तोच आहे. आमचा पहिला नमुना मी लोकांच्या याच समजुतीवर केला होता. पोलादी दांडा, त्यावर 6 मिलिमीटर जाड मऊ रबर. एका कारखान्यातल्या फिटरांना वापरायला दिला, तर पहिल्या दिवशी सगळ्यांनी वाहवा केली. तिसऱ्या आठवड्यात तेच लोक कोपराखालचा स्नायू दाबत आले. मूठ इतकी जाड झाली होती की तेलकट, घामट हाताने ती पकडायला सगळा पंजा आवळावा लागत होता, आणि मऊ रबरावर हातोडी वळते म्हणून ते आणखी आवळत होते. रबराने वरची, बारीक थरथर अडवली होती. हिसका जसाच्या तसा आत येत होता, आणि घट्ट पकडीने त्याला मोकळी वाट करून दिली होती.

मोजमापाने आम्हाला सावध करायला हवे होते, पण झाले उलटेच. हातावरची कंपने मोजण्याचे जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ 5349, त्यात 8 ते 16 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 8 ते 16 वेळा होणाऱ्या, कंपनांना सर्वाधिक वजन दिले जाते आणि त्यावर ते कमी होत जाते. 800 हर्ट्झची थरथर त्यात जेमतेम पन्नासाव्या भागाइतकी मोजली जाते. ब्रेकर, ग्राइंडर अशा अखंड थरथरणाऱ्या यंत्रांसाठी ती पद्धत उपयोगी पडते. एकेका घावाच्या हत्याराला ती लावताना फार जपून लावावी लागते, हे त्या मानकातही सुचवलेले आहे. आमचा आकडा कमी आला म्हणून आम्ही निश्चिंत झालो आणि ज्या माणसाच्या हातात हातोडी होती त्याला तीन आठवडे विचारलेच नाही. ही चूक माझी होती. आताच्या नमुन्यात दांडा हलका आणि गळ्याशी बारीक आहे, मूठ 32 ते 36 मिलिमीटरची लांबट गोल आहे, आणि रबर आहे तेही फक्त 2 मिलिमीटर, घामात हात घसरू नये एवढ्यापुरते.

ही सगळी खटपट झिणझिण्यांसाठी कशाला, असेही कोणी विचारते. 1918 साली अ‍ॅलिस हॅमिल्टन या अमेरिकी डॉक्टरांनी इंडियाना राज्यातल्या बेडफर्ड इथल्या चुनखडी घडवणाऱ्या कारागिरांची तपासणी केली. हवेच्या दाबावर चालणारे हातोडे त्यांच्याकडे आले होते, आणि थंडीच्या सकाळी त्यांची बोटे पांढरी, बधिर पडत होती. आपल्या उष्ण हवेत बोटे पांढरी पडलेली क्वचितच दिसतात. इथे बधिरपणा आणि मुंग्याच आधी येतात, शर्टाची गुंडी लावताना बोटांना ती कळत नाही, आणि माणूस ते वयाच्या खात्यावर टाकून मोकळा होतो. साध्या हातोडीने इतके नुकसान होईलच असे नाही, पण कंपनांनी झालेला बधिरपणा बहुधा पूर्णपणे परत जात नाही, म्हणून मी वाट पाहायला तयार नाही.

हॅमिल्टन यांच्या नोंदीतली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. त्या कारागिरांचा जास्त बिघडलेला हात उजवा नव्हता. हातोडा उजव्या हातात होता आणि बोटे पांढरी पडत होती ती छिन्नी धरलेल्या डाव्या हाताची. आपल्या पाथरवटांची टाकी अशीच नुसत्या पोलादाची, उघडी, डाव्या मुठीत घट्ट धरलेली असते, आणि तिला ना गळा असतो ना लाकूड. हातोडीचा आराखडा कितीही सुधारला, तरी त्या हाताला त्याचा उपयोग नाही. सध्या माझ्या टेबलावर सहा टाक्या आहेत, प्रत्येकीवर वेगळ्या जागी, वेगळ्या जाडीची बाही चढवलेली. इथे रबराला खरेच काम आहे असे मला वाटते, कारण टाकीला कोणी तोलत नाही, नुसती धरून ठेवतात. पुढच्या महिन्यापासून त्या वापरायला देणार आहे, आणि या वेळी पहिल्या दिवसापासून रोज संध्याकाळी जाऊन विचारणार आहे.