तीन दिवस, तीन लाख पेशी

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रयोगशाळेत माझ्याकडे सर्वप्रथम जे काम आले, ते ३टी३ नावाच्या उंदराच्या पेशी जगवण्याचे होते. ट्रिप्सिन हे विकर घालून त्या डिशपासून सोडवायच्या, मोजायच्या आणि नव्या डिशमध्ये टाकायच्या. रविवार असो वा दिवाळी, तिसरा दिवस उजाडला की प्रयोगशाळा गाठावीच लागे. हा नेम त्या पेशींच्या नावातच आहे, हे मला बरेच उशिरा कळले: दर ३ दिवसांनी ट्रान्स्फर, आणि दर वेळी डिशमागे ३ लाख पेशी. १९६३ मध्ये न्यू यॉर्क विद्यापीठात जॉर्ज टोडारो आणि हॉवर्ड ग्रीन यांनी ही पेशीमाला, म्हणजे प्रयोगशाळेत अखंड वाढवता येणारा पेशींचा वंश, तयार केली. तेव्हापासून ग्रीन यांच्या कामाविषयी मिळेल ते वाचत आले आहे.

ग्रीन यांचा जन्म १९२५ मध्ये टोरांटोत झाला. शिक्षणाने ते डॉक्टर होते, तरी भाजलेल्या रुग्णांसाठी काही करावे अशा हेतूने ते त्वचेकडे वळले नव्हते. अमेरिकेतील एमआयटीत असताना त्यांच्या प्रयोगशाळेत उंदराच्या टेराटोमाच्या, म्हणजे ज्यात नाना प्रकारच्या ऊती एकत्र वाढतात अशा गाठीच्या, पेशी वाढवल्या जात होत्या. त्यांत बाह्यत्वचेसारख्या दिसणाऱ्या काही वसाहती आढळल्या, परंतु फायब्रोब्लास्टची, म्हणजे संयोजी ऊतीतील पेशींची, सोबत असेल तरच त्या तग धरत. ३टी३ पेशीही फायब्रोब्लास्टच. तेव्हा ग्रीन आणि त्यांचे विद्यार्थी जेम्स राइनवॉल्ड यांनी त्याच ३टी३ पेशींवर किरणांचा मारा करून त्यांचे विभाजन थांबवले, आणि जिवंत असूनही न वाढणाऱ्या त्या थरावर मानवी केराटिनोसाइट, म्हणजे बाह्यत्वचेच्या मुख्य पेशी, सोडल्या. एरवी संवर्धनात लवकरच मरून जाणाऱ्या त्या पेशी आता पिढ्यानपिढ्या वाढू लागल्या. हे संशोधन १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले.

पेशी वाढल्या, तरी त्या जखमेवर न्यायच्या कशा, हा प्रश्न उरलाच होता. ट्रिप्सिनने पेशी एकमेकींपासूनही सुटतात, त्यामुळे हाती येतो तो विस्कळीत घोळ. १९७९ मध्ये ग्रीन यांच्या गटाने डिस्पेज हे जिवाणूंपासून मिळणारे विकर वापरून पेशींचा अख्खा पापुद्रा डिशपासून अलगद सोडवून दाखवला. व्हॅसलिन लावलेल्या गॉजवर घेऊन तो रुग्णाच्या अंगावर ठेवता येऊ लागला. माझ्या मते या कारकिर्दीतील सर्वांत व्यवहारी शोध हाच, आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते.

१९८३ मध्ये वायोमिंगमधील दोन लहान भाऊ खेळता खेळता जवळजवळ संपूर्ण शरीरभर भाजले आणि त्यांना बॉस्टनला हलवण्यात आले. रोपणासाठी घ्यावी अशी त्वचा त्यांच्या अंगावर उरलीच नव्हती. काखेतील लहानशा तुकड्यांतून ग्रीन यांच्या प्रयोगशाळेने पेशी वाढवल्या आणि प्रत्येकाच्या शरीराचा सुमारे निम्मा भाग त्या पापुद्र्यांनी झाकला गेला. दोघेही वाचले.

मात्र या पद्धतीचे गुणगान करताना तिच्या मर्यादा झाकून ठेवणे मला पटत नाही. हा थर केवळ बाह्यत्वचेचा असतो. त्यात घामाच्या ग्रंथी नसतात, केस नसतात, आणि खालच्या अंतस्त्वचेचा आधार नसल्यास तो सहज फाटतो. शिवाय पापुद्रे तयार व्हायला काही आठवडे लागतात, आणि तोवर जखम उघडी ठेवणे म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण. म्हणूनच मृत दात्याच्या त्वचेचे तात्पुरते आवरण अजूनही अनिवार्य आहे. नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरसारख्या ठिकाणी त्वचापेढी चालते ती याच गरजेपोटी. नेत्रदानाविषयी भरभरून बोलणारे आपण त्वचादानाचा मात्र क्वचितच उल्लेख करतो.

ग्रीन २०१५ मध्ये वारले. त्याच वर्षी जर्मनीतील बोखूम येथे एका सात वर्षांच्या मुलावर उपचार सुरू झाले. जनुकीय आजारामुळे त्याची बहुतेक त्वचा गळून गेली होती. इटलीतील मोदेना येथे त्याच्याच पेशींमध्ये सदोष जनुकाची निर्दोष प्रत घालून पापुद्रे वाढवण्यात आले, आणि त्याच्या शरीराचा सुमारे ८० टक्के भाग नव्या त्वचेने झाकला गेला. त्या पेशी ज्या थरावर वाढल्या, तो थर ३टी३ पेशींचाच होता.