खोताची वही आणि परळची खोली

कष्टकऱ्यांच्या लढ्यांचा इतिहास करायचा म्हटलं की कोकणातल्या मुलामुलींच्या डोळ्यांसमोर आधी परळ-लालबाग उभं राहतं. १९२८ चा गिरणी कामगारांचा सहा महिन्यांचा संप, १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप. पण ते संप करणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचं घर, शेत आणि म्हातारे आईबाप खेड-चिपळुणात, संगमेश्वरात, मालवणात होते. गिरणीचे कागद आणि गावचे कागद शेजारी शेजारी ठेवून वाचल्याशिवाय ही माणसं पुरती दिसत नाहीत.

हा इतिहास संशोधक म्हणून करायचा तर पदव्यांचं थोडक्यात सांगते. एम.ए., मग नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, मग पीएच.डी. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं. जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये येतात आणि दप्तरखान्यात बसायला मोकळा वेळ मिळतो. नाही मिळाली तर तासिका तत्त्वावर शिकवत सुट्ट्यांमध्ये कागद बघायचे. त्यात विषय लहान ठेवणं फार गरजेचं. एक तालुका, दहा-पंधरा वर्षांचा काळ, एवढं पुरे. ‘कोकणातील शेतकरी चळवळी’ असा विषय घेतलात तर सहा वर्षांत प्रस्तावनाच लिहून होईल.

अलिबाग तालुक्यातला चरीचा संप घ्या. २७ ऑक्टोबर १९३३ ला नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची, म्हणजे सरकारसाठी गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांची, जमीन न कसण्याचं ठरवलं आणि १९३९ पर्यंत ते टिकवलं. ‘कृषीवल’ हे वर्तमानपत्र सुरू झालं १९३७ साली. म्हणजे संपाची पहिली साडेतीन-चार वर्षं त्यात बातमी म्हणून सापडणार नाहीत. त्यात येईल ती आठवण. हे लक्षात न घेता पुढच्या अंकांवरून सुरुवातीचं चित्र रंगवलं की पहिल्या वर्षीची भीती, फाटाफूट, उपासमार सगळं पुसलं जातं. त्या वर्षांसाठी महसूल खात्याच्या फायली, पोलिसांचे अहवाल आणि मुंबईची वर्तमानपत्रं एकत्र लावावी लागतात. डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ ला खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, १० जानेवारी १९३८ ला शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला, आणि खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या अधिनियमाने. ही साखळी पाठ असली की फाईल हातात आल्यावर तिची जागा लगेच कळते.

मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. मार्गदर्शकाचं पत्र आणि ओळखपत्र घेऊन जा, आधी वर्षवार सूची बघा, मग मागणीची चिठ्ठी भरा. नवखा माणूस इथे हमखास फसतो तो ‘कोलाबा’ या शब्दावर. इंग्रजी सूचीत मुंबईतला कुलाबा आणि आजचा रायगड जिल्हा एकाच नावाखाली येतात. रायगड हे नाव १९८१ चं. त्याच वर्षी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला, म्हणून १९३१ ची जनगणना आणि १९९१ ची जनगणना यांतले ‘रत्नागिरी’चे आकडे सरळ शेजारी मांडले तर लोकसंख्या फारशी वाढलीच नाही असा भास होतो.

आता गावचा कागद. कुळाने खोताला लिहून दिलेली कबुलायत बहुतेकदा मोडीत असते. मोडी न शिकता या विषयात उतरू नये असं माझं ठाम मत आहे. दुसऱ्याकडून लिप्यंतर करून घेतलं की नेमका आकडा आणि आडनाव चुकतं. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, पण हात बसायला रोज एक पान याप्रमाणे सहा-आठ महिने लागतात. कागदावर शालिवाहन शकाचं वर्ष असेल तर इसवी सनासाठी त्यात ७८ मिळवा, माघ-फाल्गुन असेल तर ७९. पौषात इंग्रजी वर्ष बदलतं म्हणून तिथे तिथी-वार पंचांगाशी ताडून पाहा.

मग माप. समजा लिहिलंय, ‘भात खंडी ८’. खंडी वीस मणांची, म्हणजे १६० मण. मण बारा पायल्यांचा धरला तर १,९२० पायल्या, सोळाचा धरला तर २,५६०. ६४० पायल्यांचा फरक, एका घराची वर्षाची बेगमी! म्हणून खंड, म्हणजे कुळाने खोताला द्यायचं भात, किती हे लिहिण्याआधी त्या गावात मण किती पायल्यांचा आणि माप कुणाच्या घरचं हे शोधा. अर्धेल (निम्मा), तिर्धेल (एक तृतीयांश) हे पिकाचे वाटे कागदावर दिसतात. वेठ दिसत नाही. खोताच्या घराचं शाकारणं, त्याच्या शेतावरची फुकट नांगरणी ही कुळांच्या अर्जांत आणि फिर्यादींतच भेटते. खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, तर बांधावरची मेहनत वेगळी मोजायला हवी. बांध फुटून भरतीचं पाणी शेतात शिरलं की जमिनीतला खार उतरेपर्यंत भात नीट येत नाही. तेव्हा बांध कुणी घातला आणि कुणाच्या खर्चाने, या प्रश्नाशिवाय तिथला खंडाचा हिशेब अपुराच राहतो.

चाकरमान्यांच्या मुलाखतींसाठी गणपती आणि शिमगा हेच दिवस. पण आरतीच्या घाईत नको, गौरी गेल्यावर दुपारी बसा. ‘संपात होतात का?’ असं विचारलं की लोक भाषण देतात. ‘कुठल्या खात्यात होतात, साच्यावर (मागावर) की त्रासनात (सूतकताईत)? कायम की बदली कामगार? घरची मनीऑर्डर कुठल्या महिन्यात थांबली? त्या वर्षी भात किती दिवस पुरलं?’ असं विचारलं की काकू आतून बाहेर येतात आणि खरी माहिती तिथून सुरू होते. खानावळ कुणाची, खोलीत किती जण, पाळीप्रमाणे अंथरूण कसं वाटलं जायचं, हे त्यांनाच ठाऊक असतं. गावच्या मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाची वर्गणीवही मागायला विसरू नका. संपाच्या महिन्यांत कुणाची वर्गणी राहिली हे तिथे नावानिशी सापडतं.

जुन्या वह्या बघायच्या तर नोव्हेंबर ते मे. पावसात कागद ओल धरतो, पानं चिकटतात आणि ओढून सोडवली की शाई निघून येते. चिकटलेलं पान तसंच ठेवा. वाळवी, कसर लागलेली वही उन्हात टाकू नका, सावलीत वाऱ्यावर ठेवा. फोटो काढताना पहिला फोटो मुखपृष्ठाचा, मग कोऱ्या पानांसकट सगळी पानं क्रमाने. त्याच संध्याकाळी फोटोंना गाव, घराचं नाव, वही आणि पान क्रमांक द्या. मूळ वही त्याच दिवशी घरी परत करा आणि फोटोंची एक छापील प्रत पुढच्या शिमग्याआधी पोहोचवा. ती प्रत बघायला वाडीतले लोक जमतात, आणि त्यांतलाच कुणीतरी म्हणतो, ‘आमच्या माळ्यावर पण एक पेटी आहे.’