राजदेहेर, इंद्राई, चांदवड: या वेळी वरून

पीपीएल, म्हणजे खासगी वैमानिकाचं लायसन्स, हातात आलं त्या दिवशी पेढे वाटले, आणि पुढच्याच महिन्यापासून उडायची टाळाटाळ सुरू झाली. लायसन्स मिळेपर्यंत किमान 40 तासांचं उड्डाण, पेपर, मेडिकल, रेडिओची परीक्षा असं कुणीतरी सगळं आखून दिलेलं असतं. नंतर विचारणारं कुणी नाही. या लायसन्सवर कमाई करता येत नाही, तासाचं बिल मात्र आपल्याच खिशातून. त्यात नाशिककराची पंचाईत वेगळी. नाशकातल्या गांधीनगरची धावपट्टी लष्कराची, ओझरची विमानं बनवणाऱ्या एचएएलची. माझी सोय धुळ्याला. दीडशे किलोमीटर गाडी हाकायची, धावपट्टीभोवती तेच ते सर्किट, म्हणजे ठरलेली फेरी, मारायचं आणि परत. कंटाळा येणार नाही तर काय!

मग ठरवलं, पायी केलेले किल्ले आता वरून बघायचे. सुरुवात चांदवडकडच्या सातमाळा डोंगररांगेपासून.

जानेवारीत अंधारातच निघालो, राहुड घाट उतरून मालेगावमार्गे धुळे. तिथल्या प्रशिक्षक सरांना म्हटलं, "सर, आज सर्किट नको. चांदवडपर्यंत जाऊन येऊ."

"चला की. पेट्रोल तुमचं, मला काय!"

फ्लाइट प्लॅन, एफआयसी आणि एडीसी नंबर (उड्डाणाची नोंद आणि हवाई संरक्षणाची परवानगी) यात बराच वेळ जातो, पण नकाशावर रेघ ओढताना खूप दिवसांनी मजा आली. खरं तर निम्मं उड्डाण तिथेच होतं.

आमच्या छोट्या सेस्ना विमानाचे पंख वर असतात, त्यामुळे खालचं सगळं मोकळं दिसतं. साडेसहा हजार फुटांवरून महामार्ग डावी-उजवीकडे ठेवत मालेगाव आलं, मोसम गिरणेला मिळते ती जागा ओळखली. मग समोर डोंगररांग उभी राहिली. राजदेहेरला जिथे शिडीवर माझे पाय लटपटले होते, तो कडा इतका किरकोळ दिसला की हसूच आलं. इंद्राईचा माथा मात्र वरूनही ऐसपैस. कातळात खोदलेल्या पायऱ्या शोधत होतो, सापडल्या नाहीत. पश्चिमेला धोडप किल्ल्याच्या कातळभिंतीतली खाच धुरकट हवेतही ओळखू आली. तिकडे सरकायचा मोह झाला, पण पुढे ओझरची हद्द लागते, आणि सुखोई लढाऊ विमानं जिथे जुळतात तिथे न विचारता डोकवायचं नसतं. शिवाय ऊन चढलं की डोंगराजवळची हवा उसळायला लागते. चांदवडवरून वळलो आणि साडेपाच हजारांवर उतरून परतीला लागलो.

फोटो मागू नका. अशा विमानातून फोटो काढायला डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, परवानगी लागते.

धुळ्याला चहा घेताना सर म्हणाले, "पुढच्या वेळी जळगावला उतरून येऊ." पावसाळ्यात ढग खाली आले की असली उड्डाणं बंद, म्हणजे हातात मेपर्यंतचा वेळ आहे. जळगावचा नकाशा कालच काढलाय.