पवनाकाठी गॅसची शेकोटी

पवना धरणाच्या काठी गेल्या डिसेंबरात दवाने भिजलेल्या लाकडांनी ऊब कमी आणि डोळ्यांत धूरच जास्त दिला, म्हणून यंदा गॅसवर चालणारी, उचलून नेता येईल अशी शेकोटी घ्यायचे ठरवले. दुकानदार ज्वालेची उंची दाखवत होता. मी मात्र हिशेब मांडला. त्या शेकोटीची क्षमता तासाला ५८,००० बीटीयू (उष्णता मोजायचे एकक), म्हणजे सुमारे १७ किलोवॅट, आणि एवढ्या आचेला तासाला सव्वा किलोहून अधिक गॅस लागत असल्याने ५ किलोचा सिलिंडर चार तासही पुरत नाही. निम्म्या क्षमतेची शेकोटी घेतली.

आपल्याकडच्या सिलिंडरात प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते. कडाक्याच्या थंडीत ब्युटेनचा नीट वायू होत नाही, पण पुण्याच्या थंडीत ही अडचण येत नाही; मात्र शेकोटीला रेग्युलेटर योग्य दाबाचाच हवा. जोडणीवर साबणाचा फेस लावला, तेव्हा एका ठिकाणी बारीक बुडबुडे आले. नट आवळल्यावर ते थांबले. हा गॅस हवेपेक्षा जड असून खोलगट जागी साचतो, म्हणून शेकोटी उघड्यावरच, तंबूपासून लांब ठेवतो.